बाजूवालीचा हात

धंदा काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, लग्नं कापते. समोरचा माणूस दचकतो. मग सांगावं लागतं, की मी व्हिडिओवाली. गेली तीस वर्षं भिलाईत लग्नं, हळदी, बारशी, साठीशांती यांचं शूटिंग करते आणि घरी बसून त्याचं मिक्सिंग करते. लोकांना वाटतं, काम कॅमेऱ्याचं. कॅमेरा काय, कुणीही धरतो. आता तर ज्याच्या-त्याच्या हातात मोबाईल आहे. खरं काम कापायचं. सहा तासांच्या लग्नातून दीड तासाचं लग्न काढायचं. जांभया, रुसवे, पंगतीतली धुसफूस, नवरीच्या आईचं मध्येच भिंतीला टेकून डोळे मिटणं, हे सगळं जाऊ द्यायचं. घरच्यांना जे लग्न झालं असं आठवायचं असतं, ते त्यांना करून द्यायचं.

माझे वडील स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला होते. मुलगी खांद्यावर कॅमेरा घेऊन फिरते हे त्यांना पटलं नव्हतं, पण हळदीच्या कार्यक्रमात बायकांना पुरुष व्हिडिओवाला नको असायचा, आणि तेव्हा दुर्ग-भिलाईत या कामात दुसरी बाई माझ्या तरी पाहण्यात नव्हती. त्यामुळे कामाला तोटा पडला नाही.

गिऱ्हाइकंही एकेक होती. प्लांटच्या कॉलनीत, आमच्या सेक्टरमधल्या एक बाई मुलीच्या लग्नाची कॅसेट परत घेऊन आल्या. "पाठवनीत मी रडली, ते दिसतच नाही वं. लोकं काय म्हनतील मले?" मी मूळ टेप तीनदा पाहिली. बाई रडल्याच नव्हत्या. उलट कामं आटोपली म्हणून मोकळा श्वास टाकत होत्या. शेवटी आदल्या दिवशी कांदा चिरताना त्यांनी डोळे पुसले होते, तो तुकडा उचलला, साडी दिसू नये म्हणून चेहऱ्यापुरता मोठा केला, खाली सनई घातली आणि पाठवणीत बसवला. बाई पुन्हा आल्या, या वेळी पेढे घेऊन. अजून त्यांच्या घरी ती कॅसेट पाहून पाहुणे डोळ्याला पदर लावतात, असं ऐकते.

हे सांगण्याचं कारण असं, की जोड दिसू न देणं हीच माझी कारागिरी. तिचा मला अभिमान होता, अजूनही आहे. पण एके ठिकाणी ती कारागिरी वापरायला नको होती.

छत्तीसगड वेगळं राज्य झालं, त्याच्यानंतरची गोष्ट. आमच्या भागातल्या केबलवाल्या भैयानं स्वतःचं लोकल चॅनल काढलं होतं. सकाळी आरत्या, संध्याकाळी दुकानांच्या जाहिराती, मध्ये सगळी मोकळी जागा. तो मला म्हणाला, "दीदी, कुछ कॉमेडी बनाओ ना, घर-परिवार वाली." मी हो म्हणून बसले.

विनोदी मालिका मी लहानपणापासून पाहत आले. आधी दूरदर्शनच्या, मग डबिंग होऊन आलेल्या परदेशी. धंद्यात पडल्यावर त्या जरा वेगळ्या नजरेनं पाहिल्या. त्यांत हमखास दोन मैत्रिणी असतात. एक उचापती, दुसरी भित्री. उचापती बेत रचते, भित्री नको-नको म्हणत सामील होते, आणि दोघी मिळून फसतात. नवरे, सासवा, घरमालक हे येऊन-जाऊन असतात. मालिका खरी त्या दोघींची. मैत्रीण दार कधी वाजवत नाही, सरळ स्वयंपाकघरात येते. आणि भांडण झालं तर त्याच भागात मिटतं. पुढच्या आठवड्यात दोघी पहिल्यासारख्या. मला त्या मालिकांचा हेवा वाटायचा. आमच्या सेक्टरमधल्या बायकांना नुसतं गप्पा मारायला शेजारी जाता येत नसे. काहीतरी निमित्त लागायचं. विरजण, कढीपत्ता, नाहीतर वाटीभर भाजी.

म्हणून माझ्या मालिकेची सुरुवात वाटीनं व्हायची. दोन क्वार्टर, मधे परसातली छातीएवढी भिंत. भिंतीवरून एक हात वाटी पुढे करतो, पलीकडचा हात ती घेतो. आमच्याकडे शेजारची वाटी रिकामी परत देत नाहीत. काही ना काही घालूनच द्यायची. म्हणजे ती वाटी आयुष्यभर इकडून तिकडे फिरत राहते. मालिकेचं नाव ठेवलं 'बाजूवाली'.

नट्या शोधायला लांब जावं लागलं नाही. कमलकाकू आणि सुजाताकाकू खरोखरच्या शेजारणी होत्या आणि खरोखरच्या मैत्रिणी. कमलकाकू उचापती, सुजाताकाकू भित्र्या. दोघींचे यजमान प्लांटमध्ये. शूटिंग त्यांच्याच परसात, त्यांच्याच भिंतीपाशी व्हायचं. मालिकेत नावंही त्यांचीच ठेवली, कारण दुसऱ्या नावानं हाक मारायची हे दोघी हटकून विसरायच्या. लिहायचं मी, शूट मी करायची, कापायचंही मीच. मागे हसणं हवं म्हणून एका उन्हाळ्यात सेक्टरच्या बायका कुरडया घालत होत्या, तिथे माईक ठेवून हसण्याची अख्खी टेप भरून घेतली. त्यात सगळ्यांत मोठं, हुंदका दिल्यासारखं हसणं सुजाताकाकूंचं. कमलकाकूंच्या प्रत्येक विनोदाखाली मी तेच वापरायची.

कमलकाकू भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातल्या. सुजाताकाकूंचं घर बौद्ध. सेक्टरमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. वाटी मात्र रोज फिरत होती, टीव्हीवर आणि टीव्हीबाहेर.

मालिका दोन वर्षांची झाली तेव्हा कमलकाकूंना नात झाली. बारशाचं शूटिंग अर्थातच माझं. गावाहून त्यांची मोठी जाऊ आली होती, वाढायचं सगळं तिच्याकडे. व्हरांड्यात पंगत बसली. माझा डोळा कॅमेऱ्याला लागलेला. मी चेहरे पाहत होते, ताटं नाही. शेवटी मी जेवायला बसले, तेव्हा माझ्या स्टीलच्या ताटाच्या काठावर कोरलेलं नाव दिसलं. सुजाताकाकूंच्या मिस्टरांचं. कार्य असलं की शेजारपाजारची ताटं गोळा करतात आणि ओळखू यावीत म्हणून त्यांवर नावं कोरलेली असतात, त्यात नवल काही नव्हतं. नवल दुसऱ्या दिवशी कळलं, मिक्सिंगला बसल्यावर. पंगतीत सगळ्यांपुढे स्टीलचं ताट होतं. एकट्या सुजाताकाकूंपुढे थर्माकोलची प्लेट आणि प्लास्टिकचा ग्लास होता.

त्यांच्या घरच्या ताटांत मी जेवले होते, आणखीही कितीजण. त्यांना मात्र ताट दिलं नव्हतं. गावच्या जाऊला ती ताटं कुणाची हे ठाऊक नसणार, पण सुजाताकाकू कोण हे तिनं नक्की विचारून घेतलं होतं.

तो तुकडा वीस सेकंदांचा होता. मी कापला. त्या जागी पाळण्याचा शॉट लावला. जोड दिसत नव्हता. आपण चांगलं केलं, उगाच वाद नको, असंच मला तेव्हा वाटलं.

पुढच्या भागाचे कागद घेऊन मी सुजाताकाकूंकडे गेले. त्यांनी वाचले, घडी करून ठेवले.

"माह्यं वेगळं घेजो," त्या म्हणाल्या.

"काकू, सीन दोघींचा आहे."

"तूच तं म्हनते, मिक्सिंगमंधी सारं होते. कर मंग."

"मालिका सोडायची आहे का तुम्हाला?"

"कावून सोडू? टीव्हीतली कमल मले बहुत आवडते. तिच्यासंग काम करीन मी." मग हळूच म्हणाल्या, "बाजूच्या घरच्या कमलसंग नाही."

मी कमलकाकूंना सांगितलं, की आता दोघींचं वेगळं घ्यायचंय. का, असं त्यांनी विचारलं नाही. निवडत होत्या ते तांदूळ निवडत राहिल्या. "घे मंग," एवढंच म्हणाल्या.

बाहेरच्यांना सांगते, हे कसं करतात. एकीचा शॉट घ्यायचा, मग दुसरीचा. पहिली उजवीकडे पाहून बोलली, तर दुसरीनं डावीकडे पाहायचं, म्हणजे जोडल्यावर समोरासमोर वाटतात. नजर ठरावी म्हणून मी भिंतीपलीकडे एक खराटा उभा केला, त्याच्या टोकाला लाल फडकं बांधलं. बुधवारी दुपारी कमलकाकू त्या खराट्याशी बोलायच्या, गुरुवारी पलीकडच्या परसातून सुजाताकाकू. समोरचे संवाद मी वाचायचे. त्या खराट्याला कमलकाकूंनी शपथा घातल्या, त्याच्यापाशी सासूच्या चहाड्या केल्या, एका भागात त्याची मनधरणीही केली. तिथे त्यांचा आवाज इतका खरा लागला, की मी कॅमेरा बंद करायचं विसरले. बायकांनी तो भाग फोन करकरून परत लावायला सांगितला. मैत्रीण असावी तर अशी, असं म्हणायच्या.

वाटीचं तेवढं अडलं. एका चौकटीत दोन हात हवेत. मग कमलकाकूंच्या हातात वाटी द्यायला भिंतीपलीकडून मीच हात पुढे करू लागले. हिरव्या बांगड्या घातल्या, बाही सुजाताकाकूंच्या ब्लाऊजसारखी. कॅमेरा तिपाईवर. कुणाला कळणार?

खुर्सीपारला एक बांगडीवाली बसायची. एका नवरीसाठी बांगड्या घ्यायला गेले होते, तिथे स्वतःसाठीही मागितल्या. तिनं माझा हात धरला, अंगठ्याखालचं हाड दाबून माप घेतलं, "दो-चार," म्हणाली, आणि हात सोडलाच नाही.

"ये हाथ तो मैं टीवी में देखती हूँ."

मी हसण्यावारी नेलं.

"सुजाता का हाथ दो-छह का है. कितनी बार चूड़ी पहनाई है मैंने. आजकल कटोरी तुम देती हो." तिनं माझ्याकडे पाहिलं. "दोनों में बोलचाल बंद है क्या?"

अख्ख्या भिलाईत तिला एकटीला कळलं होतं. सांगायची, निदान मान हलवायची, ती वेळ होती. मी म्हणाले, "नहीं, उनकी तबीयत ठीक नहीं रहती." घरी आले आणि पुढच्या भागापासून हात दाखवणंच बंद केलं. नुसती भिंतीवर ठेवलेली वाटी दाखवायची, मग कट. मी मैत्रीतली चूक दुरुस्त करायला गेले नाही, शॉटमधली चूक दुरुस्त केली.

याचा मला आजही पश्चात्ताप होतो. मालिका बंद पडली असती, तर लोकांनी विचारलं असतं, दोघींना एकमेकींसमोर यावं लागलं असतं. मी सगळं इतकं सफाईनं जोडलं, की त्यांना जोडायची गरज उरली नाही. आठवड्यातून एकदा दोघी आपापल्या घरी टीव्ही लावायच्या आणि तिथे त्यांची मैत्री ठीक चाललेली असायची. खाली सुजाताकाकूंचं जुनं हसू होतंच.

असं दीड वर्ष चाललं. मग घरोघरी डिशच्या छत्र्या लागल्या, लोकल चॅनल कुणी पाहीना, मालिका संपली. दोघींचे यजमान वर्षाच्या अंतरानं रिटायर झाले, क्वार्टर सोडावे लागले. सुजाताकाकूंनी जुनवानीला घर बांधलं, कमलकाकू उतईला मुलाकडे गेल्या. भिंतीच्या दोन्ही बाजूंना आता दुसरीच माणसं राहतात.

या वर्षी उन्हाळ्यात कमलकाकू माझ्या घरी आल्या. एकट्या, उतईहून ऑटो बदलत. केस पूर्ण पांढरे. नात आता अठराची झाली, नर्सिंगला बाहेरगावी चालली. तिला स्वतःच्या बारशाचा व्हिडिओ मोबाईलवर हवा होता.

"आजच देते करून," मी म्हणाले.

"थांब. मले ते कापलेलं नाही पाह्यजे. पूर्न पाह्यचं आहे मले."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"तू कापलं ना वं ते? कॅसेट आली तवाच पाह्यली मी. ते त्याच्यात नव्हतं, तं मले बरं वाटलं."

मी कपाटातून मूळ टेप काढली. जुना कॅमेरा अजून चालतो. दोघी छोट्या पडद्याकडे वाकून बसलो. पंगत आली. जाऊबाई ताटं मांडत सुजाताकाकूंपाशी थांबली, मागे वळून काहीतरी म्हणाली, कुणीतरी थर्माकोलची प्लेट आणून दिली. मागे स्वयंपाकघराच्या दारात कमलकाकू उभ्या होत्या, हातात वरणाचं पातेलं. सुजाताकाकूंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. कमलकाकूंनीही पाहिलं. मग पदर नीट केला आणि आत गेल्या.

आणि तेवढ्यात टेपवर माझा आवाज आला, उत्साहानं भरलेला: "सुजाताकाकू, इकडे बघा! हसा जरा!"

सुजाताकाकू हसल्या.

हा आवाज मी विसरले होते. मिक्सिंगच्या दिवशी ऐकला असणारच. खाली सनईचं संगीत टाकलं की आवाज जातो. मला तिथे स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

कमलकाकूंनी डोळे पुसले. "मले जुनवानीले नेऊन सोड," त्या म्हणाल्या.

स्कूटीवरून गेलो. सुजाताकाकूंनी दार उघडलं, आम्हा दोघींकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या. मी बसले. कमलकाकू बसल्या नाहीत.

"सुजाता, मी पाह्यलं होतं."

"काय?"

"बारशाच्या दिवशी. मोठ्या जाऊनं तुले ते पिलेट देल्ली, ते मी दारातून पाह्यलं. कामाले नाही गेली मी आत. लपाले गेली."

"मंग आता कावून सांगून राहिली?"

"कॅसेटमंधी ते नव्हतं. मले वाटे, त्याच्यात नाही तं झालंच नाही. चुकली मी. बहुत चुकली."

काहीतरी करावं म्हणून मी मधेच बोलले, "काकू, मूळ टेप आहे माझ्याकडे. तुम्हाला पाहायची असेल तर..."

"मले कायले दाखवते? मी तिथंच बसली होती," सुजाताकाकू म्हणाल्या.

पंखा फिरत होता. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. हे मी एरवी कापलं असतं.

"भिंत छातीएवढीच होती, कमल," सुजाताकाकू म्हणाल्या. "दीड वर्स मी रोज भांडे घासाले तिथंच बसे. तू बोलशीन म्हनून."

जाऊ दे, झालं गेलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मालिकेत असत्या तर म्हणाल्या असत्या; मीच तसं लिहिलं असतं. त्या उठून आत गेल्या. चहा आला. निघताना त्या पुन्हा आत गेल्या आणि लाखोरीच्या डाळीचे वडे घेऊन आल्या, स्टीलच्या वाटीत. काठावर मिस्टरांचं नाव कोरलेलं. त्यांनी वाटी कमलकाकूंच्या हातात दिली. सुजाताकाकूंची बोटं आता सुजली आहेत. दो-छहच्या बांगड्या त्या हातात जाणार नाहीत.

"वाटी वापस पाह्यजे मले," त्या म्हणाल्या.

"आनीन," कमलकाकू म्हणाल्या.

उतईपर्यंत मागे बसून त्यांनी वाटी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. गतिरोधक आला की म्हणायच्या, "हळू चालव वं." घरापाशी उतरल्यावर त्या जरा थांबल्या.

"नातीच्या कॉपीत ते वापस टाक."

"नक्की?"

"टाक. तिनं पाह्यलं पाह्यजे, तिच्या बारशात काय झालं ते. अन् तुह्या आवाजासंगं टाक."

तीस वर्षांत काढून टाकायला सांगणारे शेकडो आले. परत घाला म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी सकाळी बसले आणि ते वीस सेकंद जिथून काढले होते तिथे ठेवले. सनई काढली. मूळ टेपचा रंग उतरला आहे, त्यामुळे जोड स्पष्ट दिसतो. रंग जुळवता आला असता, ते मला येतं. मी जोड तसाच दिसू दिला.